बोलून लिहिणाऱ्या नाकाडे बाई

नाकाडे बाईंच्या जुन्या कथांमध्ये शेवटी कुणीतरी मरायचंच. बहुतेक वेळा नायिका. कधी क्षयाने, कधी विरहाने, एकदा तर पियानो वाजवता वाजवता. मी त्यांना विचारलं होतं, "बाई, तुम्ही पियानो पाहिलाय?"

त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कॅलेंडरवर पायला. काळा रायते. वरतून फुलदाणी ठेवते त्याच्यावर."

मी नागपूरची. पंच्याहत्तरच्या जूनमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा बाविशीतली होते, आणि यशोदा नाकाडे बाई पन्नाशीला टेकल्या होत्या. उंच, काळ्या, हाडापेराने मजबूत. बारीक काठाचं सुती पातळ, काखेत छत्री. ती छत्री मी उघडलेली कधी पाहिली नाही. पाऊस आला की बाई छत्रीला पदराखाली घेत. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. धान भरलेली बैलगाडी हाकणाऱ्या मिशाळ माणसालाही त्या रस्त्यात थांबवून म्हणत, "का रे पोट्ट्या, तुह्या पोरीले दोन दिवसांपासून काहून नाही पाठवलं शाळेत?" आणि तो माणूस गाडीवरून खाली उतरून उत्तर देई.

वर्गात त्या गावच्या बोलीत शिकवत, धडा पुस्तकी भाषेत वाचत, आणि कथा मात्र एका तिसऱ्याच भाषेत लिहीत. ती भाषा भंडाऱ्यात कुणी बोलत नव्हतं, नागपुरात नव्हतं, आणि मला वाटतं पुण्यातही नसावं. रजतरश्मी, अश्रुमौक्तिकं, व्याकुळ हृदयवीणा. टोपणनाव 'नीहारिका'. हे नाव गावात एका डाकवाल्याला तेवढं ठाऊक होतं, कारण परत आलेली पाकिटं तोच आणून देई. लांबूनच सायकलची घंटी वाजवून ओरडे, "नीहारिकाबाई, आलं वापस!" बाई शांतपणे पाकीट घेत आणि संपादकाची 'साभार परत' ची चिठ्ठी काढून वाचनमालेत खूण म्हणून घालत. पाचवीच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक धड्याला एकेक खूण होती.

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. ओळख वाढल्यावर एका रविवारी त्यांनी ती मला उघडून दाखवली. त्यात सव्विसाव्या वर्षी लिहिलेली 'विषवल्ली' नावाची कथा होती. तिच्यातली सासू पैठणी नेसते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावते, विधवा सुनेचा छळ करते आणि शेवटी संगमरवरी जिन्यावरून पडून मरते. दिघोरीत तेव्हा जिना असलेलं एकच घर होतं आणि तो जिना लाकडी होता.

"बाई, ही सासू कोण?" मी हळू आवाजात विचारलं, कारण खरी सासू समोर अंगणात बसून केरसुणी बांधत होती.

"नाटकातली सासू व ते," बाई म्हणाल्या. "आमची बुढी कुठी पैठणी नेसते?"

ही बुढी म्हणजे भागरताबाई. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, हात सतत कशात ना कशात गुंतलेले. कानांनी गेलेली, असं सगळं गाव म्हणे. तिच्याशी बोलायचं तर दोनदा ओरडावं लागे. नाकाडे बाईंचा नवरा लग्नानंतर चारच वर्षांत तापाने गेला. मूलबाळ नाही. तेव्हापासून या दोघी एका छताखाली. त्यांचं आपसातलं बोलणं मी ऐकलं ते एवढंच: "जेवल्या का आत्याबाई?" "जेवली." "झोपता का?" "झोपतो." भांडण नाही, तंटा नाही. सासू-सून असाव्यात तर अशा, असं बायका म्हणत. मलाही तसंच वाटे.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात बाईंच्या वहीत ओळीवर ओळ चढू लागली. गणिताच्या पेपरवर त्या भलत्याच पोरीला भलतेच गुण देत. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. हजेरी तोंडपाठ घेत, धडा तोंडपाठ वाचत. फक्त कथा तोंडपाठ लिहिता येईना. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "वनू, तुहं अक्षर चांगलं हाय. उद्या दुपारी घरी ये. मी सांगतो, तू लिवजो."

दुसऱ्या दिवशी आम्ही सपरीत बसलो. घराच्या पुढची ती उतरत्या छपराची ओसरी गार असे. बाईंनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "लिव. 'शरदाच्या चांदण्यात न्हालेली ती शुभ्रवसना तरुणी...'"

आणि थांबल्या. मी पेन धरून बसले. बाई एकदम हसायला लागल्या. पदर तोंडात धरला तरी हसू थांबेना.

"काय झालं?"

"हे तोंडानं सांगाले लाज वाटते व."

"लिहिताना नव्हती वाटत?"

"लिवतानी कोणी आयकत नव्हतं ना!"

मग शेजारणीला काही सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "बरं, असं लिव. एक बाई होती. सकाळी पाण्याले गेली, ते दुपारपर्यंत आलीच नाही."

ती कथा चार रविवारांत झाली. पाण्याला गेलेली बाई माहेरच्या माणसाची वाट बघत बोडीच्या पाळीवर बसून राहते, एवढीच गोष्ट. बोडी म्हणजे गावाबाहेरचं लहानसं तळं. मी नागपूरची असून मला त्या बाईच्या पायांना लागलेला चिखल दिसत होता. शेवट आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आता ही तळ्यात पडणार ना?"

"नाही. ते घरी जाईन. स्वयंपाक राहिला हाय तिचा." बाईंनी नाक पुसलं. "जवान होती तवा कोणाले मारल्याशिवाय कथा सरतच नव्हती माही. आता मारवत नाही व कोणाले."

त्या काळात मी त्यांना हे सांगितलं नाही, पण लिहिता लिहिता मला दिसत होतं. पूर्वीचं एकेक वाक्य अर्धं पान चालायचं. आता जिथे बाईंचा श्वास संपे तिथे वाक्य संपे. बोलताना त्या अडकत, मागे जात, "नाही, ते तसं बोलन नाही" म्हणून खोडायला सांगत. त्यांच्या माणसांना आता बोलायला तोंडं आली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. ते नाकाडे बाईंच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. बाईंना दारात नुसता एक खाकी ठिपका दिसला. त्यांना वाटलं शिपाई गंगाराम. म्हणाल्या, "आला का? रांजण रिकामा हाय केव्हाचा. जाय, पाणी भर पयले."

साहेब सभ्य माणूस होता. दोन पावलं आत आला आणि म्हणाला, "बाई, मी भरतो पाणी. पण डोळे कधीपासून असे आहेत?"

जाताना त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंना बोलावून सांगितलं, "आज मी काही लिहीत नाही. ऑपरेशन करून घ्या. पुढच्या तपासणीला असंच दिसलं तर मला लिहावं लागेल."

निवृत्तीच्या सात वर्षं आधीच घरी बसायची वेळ येणार होती. तरी बाई ऑपरेशनला तयार होईनात. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता आणि भागरताबाईने ते मनात घट्ट धरलं होतं. विषय निघाला की ती ठणकावून सांगे, "नोको जाऊ. थोडंतरी दिसून राहिलं ना? तेबी जाईन." बाई ऐकून घेत. मला वाईट वाटे आणि रागही येई, पण मी बाहेरची.

एप्रिलमध्ये बाईंनी एक नवी कथा सांगायला घेतली. "एक सासू होती. तिचा एकुलता एक पोरगा मेला." मी लिहू लागले. समोर अंगणात भागरताबाई विळ्याने चिंचा फोडून चिंचोके काढत होती. कथेतल्या सुनेला मास्तरकीच्या ट्रेनिंगला बोलावल्याचं पत्र येतं. सून शेतावर असते. सासू डाकवाल्याच्या हातून पत्र घेते आणि लपवून ठेवते.

इथे मी थांबले. कागदावर वाकूनच हळूच विचारलं, "बाई, हे खरं घडलंय?"

बाईंनी अंगणाच्या दिशेने पाहिलं. त्यांना काही दिसत नव्हतं, पण चिंचा फोडल्याचा आवाज चालू होता. आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या, "आठ महिन्यांनं मले डाकवाल्यानंच सांगतलं. 'बाई, गेल्या नाही तुम्ही भंडाऱ्याले? कागद तं मीच आणला होता.' मंग दुसऱ्या साली मी पुन्हा अर्ज केला अन् कागद त्याच्याच हातून घेतला. गेली ट्रेनिंगले. तिनंबी अडवलं नाही."

"आणि तुम्ही त्यांना कधीच विचारलं नाही?"

"नाही. पयले राग होता म्हणून. मंग सवय झाली म्हणून."

"मग आता त्यांच्या बाजूने का लिहिता?"

बाई म्हणाल्या, "तवा मी बावीस वर्षांची होती, ते पन्नासची. आता मीच पन्नासची झाली ना व. घरात एकटं राहाचं भेव कसं रायते ते तवा मले कुठी मालूम होतं? मी तं पैठणीच नेसवली तिले, अन् जिन्यावरून ढकलून देल्ली."

पुढच्या रविवारी कथा पत्र लपवण्याच्या जागेपाशी आली. बाई सांगत होत्या, "सासूनं कागद पदराखाली धरला. घरात कोणी नव्हतं. तिनं धानाच्या ढोलीत हात घातला अन् खालवर, पार खालवर..." ढोली म्हणजे बांबूची धान्य साठवायची मोठी कणगी. मी 'ढोलीत' लिहिलं.

चिंचा फोडल्याचा आवाज थांबला.

"ढोलीत नाही व," अंगणातून भागरताबाई म्हणाली. "ढोलीत उंदरं नसते का? खाल्ला असता कागद. कवेलूत खोसला होता मी. त्या वरच्या आडव्या बल्लीपाशी."

आणि तिने हातातल्या विळ्याच्या मुठीने आमच्या डोक्यावरच्या छपराकडे दाखवलं.

मी वर पाहिलं. कवेलू होते, काळे पडलेले, ओळीने. बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांचे हात मांडीवर होते तसेच राहिले.

"आत्याबाई," बाई म्हणाल्या, ओरडून नाही, साध्या आवाजात, "तुमाले आयकू येते?"

"सारंच नाही येत. जे आयकाचं ते येते." म्हातारी विळा बाजूला ठेवून जवळ सरकली. "तुले मालूम होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"त्याच सालापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी काहून नाही बोलल्या?"

भागरताबाईने पदराने हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच होती. "भेव वाटे मले. रोज काढो अन् पाहो तो कागद. वाचता तं येत नव्हतं. का लिवलं हाय, कितीक दिवसांसाठी बोलावते, वापस पाठवते का नाही, काही समजे नाही. कोणाले विचारू? वाचणारी तं घरात तूच होती. मंग पावसात कवेलू फुटला, कागद भिजून लगदा झाला. चुलीत घातला. त्या दिवशी मी जेवली नाही, तुले याद असन."

"याद नाही," बाई म्हणाल्या. मग, "तापच असन असं वाटलं होतं मले."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण दाराची वाट दोघींच्या मधून होती. शेवटी म्हातारीच माझ्याकडे वळली. "मास्तरीण, बसली काहून? लिव ना. ढोली खोड, कवेलू लिव."

मी ढोली खोडली. कवेलू लिहिलं. बाई चाचपडत उठल्या, आत गेल्या आणि चहा करून आणला. त्यात इतकी साखर होती की पिववत नव्हता. तिघींनी सगळा प्यायला. त्या दिवशी पुढे काही सांगितलं गेलं नाही, पण मी निघाले तेव्हा मागे दोघींचं बोलणं चालू होतं. कशाबद्दल ते कळलं नाही. त्या घरात मी 'जेवल्या का' च्या पलीकडचं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानंतर ऑपरेशनचा विषय भागरताबाईनेच काढला. "चाल, डोळे दाखवू," म्हणाली. फक्त एक कबुली घेतली. "तुले दिसाले लागलं तं तू मुकाट्यानं लिवशील. मले आयकाले मिळन नाही. लिवलं का मोठ्यानं वाचून दाखवजो." तेव्हा मला कळलं की बुढी दर रविवारी चिंचा, मोहफुलं, केरसुण्या घेऊन बरोबर आमच्यासमोर का बसत होती.

सासूची ती कथा नागपूरच्या एका मासिकाने दिवाळी अंकात घेतली. नीहारिका नाही, यशोदा नाकाडे या नावाने. अंक आला तेव्हा बाईंना अक्षर दिसत नव्हतं. मी सपरीत बसून पूर्ण कथा वाचून दाखवली. भागरताबाईने छापलेल्या पानावर बोट ठेवून विचारलं, "माहं नाव कुठी हाय?"

"नाव बदललं आत्याबाई."

"बदललं कायले? मी का पळून चालली?"

जानेवारीत साकोलीला डोळ्यांचं शिबिर लागलं. शाळेच्या खोल्यांत ओळीने खाटा. बाईंना आठ दिवस मान न हलवता पडून राहायचं होतं, आणि ऐंशी वर्षांची सासू खाटेखाली घोंगडं टाकून राहिली होती. डॉक्टरांनी पट्टी काढली त्या सकाळी मी एस.टी.ने गेले होते. बाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सासूकडे. तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दिसते का?" म्हातारीने विचारलं.

"दिसते. बहुतच म्हाताऱ्या झाल्या व तुमी."

"तू का जवान दिसून राहिली?" भागरताबाई म्हणाली आणि तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, मोठमोठ्याने रडू लागली. मीही रडले. नर्स रागावली, तुम्ही रडाल तर रडा, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये म्हणून.

जाड भिंगांचा चष्मा आला. बाईंनी पहिल्यांदा वाचला तो दिवाळी अंक. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर मला गाठलं. अंक उघडा, बोट एका ओळीवर. "हे का हाय?"

संपादकांनी 'कवेलू' काढून 'कौलं' केलं होतं. मला माहीत होतं. वाचून दाखवताना मी प्रत्येक वेळी 'कवेलू' च म्हटलं होतं.

"खोटारडे!" बाई ओरडल्या, पण चष्म्याआडचे मोठे झालेले डोळे हसत होते. त्याच दिवशी त्यांनी संपादकांना कार्ड टाकलं: आमच्याकडे कौलं नसतात, कवेलू असतात, कृपया नोंद घ्यावी. उत्तर आलं. 'आणखी कथा पाठवा,' असं त्यात होतं.

डोळे आले आणि एकदा जुनी भाषाही परत आली. मार्चमध्ये बाईंनी एकटीने, स्वतःच्या हाताने एक कथा लिहिली. मला दाखवली. पहिल्याच ओळीत चंद्राची कोर होती आणि तिसऱ्या पानावर एक डॉक्टर. मी म्हटलं, "आत्याबाईंना वाचून दाखवा." त्यांनी दाखवली. दुसऱ्या पानापर्यंत म्हातारी झोपली होती. बाईंनी तिला उठवून विचारलं, "कशी वाटली?" तर ती म्हणाली, "ते पाहुणे गेले का?"

बाईंनी ती पानं चुलीत घातली आणि तेव्हापासून आधी बोलून मगच लिहायची सवय लावून घेतली. मधल्या सुट्टीत आंब्याखाली बसून त्या एकट्याच बोलत असत. नव्या पोरी घाबरत. जुन्या पोरी त्यांना सांगत, "काही नाही व, बाई लिवून राहिल्या."

पुढच्या तपासणीला साहेब आले तेव्हा बाईंनी दारातच त्यांना ओळखलं आणि गंगारामला पाणी आणायला पाठवलं. पूर्ण नोकरी करून त्या पंच्याऐंशीत निवृत्त झाल्या. त्याच्या दोन वर्षं आधी भागरताबाई गेली, झोपेत, काही न दुखता. माझी तोवर भंडाऱ्याला बदली झाली होती, लग्न झालं होतं. बाईंची पत्रं येत. लहान लहान.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला मी दिघोरीला गेले. परतताना बाई मला स्टँडवर सोडायला आल्या. साठीच्या झाल्या होत्या. चालणं मंदावलं होतं, बोलणं नाही. म्हणाल्या, "आता दीड पानाच्या कथा येतात मले. दोन पानांच्या वर जातच नाही."

"दम लागतो का?"

"दम हाय. पण आधी वाटे, सारं जगच सांगून टाकाचं हाय आपल्याले. आता एका माणसाचं एका दुपारचं सांगतलं तरी पोट भरते."

स्टँडवर एक ढिवरीण मासळीची टोपली घेऊन बसली होती. बाईंनी जाता जाता विचारलं, "कोणत्या बोडीतली व?" आणि त्या बाईने काहीतरी सांगायला सुरुवात केली, जाळं, नवरा आणि एक मोठा मासा यांच्याबद्दल. बस आली. मी बाईंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "येजो" म्हणाल्या आणि परत त्या बाईकडे वळल्या.

मी खिडकीजवळ बसले. बाहेर ढिवरीण दोन्ही हात पसरून मासा केवढा होता ते दाखवत होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या, ओठ हलत होते, तिचे शब्द तिच्याच मागून म्हणून बघत होत्या. मग दोघी एकदम हसल्या. बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. बस हलली. मी हात वर केला. बाईंनी वर पाहिलंच नाही. मला निरोप द्यायचा त्या साफ विसरून गेल्या होत्या.

मी हात खाली घेतला. वाईट वाटायला हवं होतं. पण साकोली येईपर्यंत मी एकटीच हसत होते, आणि शेजारची बाई माझ्याकडे बघून जरा सरकून बसली होती.